दूर्वाबाई, चंद्र आता कोण सांगणार?

दूर्वाबाई,

नावानं हाक मारली आणि तू आलीस, असं आपल्यात कधी झालं नाही. त्यामुळे आत्ता हाक मारताना मला फार वेगळं वाटत नाहीये. तू कुठेतरी पसरलेली आहेस, एक कान माझ्या दिशेनं वळलेला आहे, आणि उठायचं की नाही याचा विचार चालू आहे. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. आता तुझा विचार झालेला आहे, एवढाच काय तो फरक.

तू गेल्याचं कळल्यावर शाळेतल्या एका बाईंनी मला विचारलं, "तुमच्याकडे मांजर होतं?" मी म्हटलं, मांजर नव्हतं. सासूबाई होत्या, दोन. थोरल्या चहा घेतात, धाकट्या दूध घ्यायच्या. देव दोघींचा एक, मत दोघींचं एक, आणि सून दोघींत मिळून एकच. त्या बाईंनी सहानुभूतीनं माझा हात दाबला. त्या नक्की कशाची सहानुभूती दाखवत होत्या, ते मी विचारलं नाही.

तुझ्या आगमनाची कथा आई, म्हणजे थोरल्या, इतक्यांदा सांगायच्या, की रस्त्यावरचा भाग मी पाहिलेला नसूनही मला तो पाठ आहे. तुला ठाऊक आहे की नाही कोण जाणे, पण तू यायच्या आधी आईंना मांजर या जातीचंच वावडं होतं. मांजर आडवं गेलं की त्या जागच्या जागी थांबायच्या आणि मागून येणाऱ्या एखाद्या भल्या माणसाला पुढे जाऊ द्यायच्या, म्हणजे अपशकुन त्याच्या वाट्याला. याला आमच्याकडे शेजारधर्म म्हणतात.

तर संकष्टीची संध्याकाळ. आई देवळातून निघालेल्या, पोटात दिवसभराचा उपास. बिबवेवाडीच्या त्या चढावर तू आडवी गेलीस. तळहाताएवढं पिल्लू, अंगावर चिखल, आणि चाल मात्र एखाद्या संस्थानिकाच्या विधवेची. आई थांबल्या. मागे वळून पाहिलं तर रस्त्यावर कुणी नाही. अपशकुन घ्यायला माणूसच मिळेना. तूही पलीकडे जाऊन बसलीस आणि त्यांच्याकडे बघत राहिलीस. दोघीही हट्टी. शेवटी तू उठलीस, आलीस तशीच परत आडवी गेलीस आणि आईंच्या पायाशी बसलीस.

"जाताना लागलं ते येताना फिटलं," आई सांगायच्या. "शास्त्रात असं कुठे नाही. पण हिशोब सरळ आहे."

फिटंफाट झाल्यावर तू त्यांच्या मागोमाग जिने चढून आमच्या वरच्या मजल्यावर आलीस, स्वयंपाकघरात शिरलीस, देवघरापाशी गेलीस आणि गणपतीच्या डोक्यावर सकाळी वाहिलेली दूर्वांची जुडी ओढून खायला लागलीस. मी ओट्याशी उभी. मला वाटलं, आता लाटणं उडणार. आई पाटावर बसल्या, गालाला हात लावून तुझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "देवाला वाहिलेल्या दूर्वा कुणी प्रसाद म्हणून खाल्लेल्या मी आजवर पाहिल्या नव्हत्या."

मिलिंद माझा नवरा आणि त्यांचा मुलगा, म्हणजे दोन्ही बाजूंनी कमी बोलायची सवय असलेला माणूस. तरी तो बोलून गेला, "आई, मांजरं गवत खातातच. पोट साफ व्हायला."

"आणि तू पंचामृत मोक्षाला घेतोस?"

तुझं नाव तिथेच पडलं.

आता आपल्या वादाकडे येते. वाद अर्धवट टाकून गेलीस, हे काही मला आवडलेलं नाही. माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं: तू श्रद्धाळू नव्हतीस, तू हुशार होतीस. मी देव मानत नाही असं नाही. माझं आणि त्याचं बोलणं नाही, एवढंच. पण मांजरीनं भक्ती करावी, आणि तीही गणपतीची, ज्याच्या पायाशी साक्षात उंदीर बसलेला, हे मला काही केल्या पटेना.

आईंकडे पुरावे तयार असायचे. आरतीला तू हजर. घंटा वाजली की असशील तिथून उठून यायचीस, निरांजनापासून हातभर अंतर ठेवून बसायचीस, आणि डोळे मिटायचीस. मी म्हणायचे, मांजर डोळे मिटून दूधही पितं. आई म्हणायच्या, "दूध नाहीये समोर. मग कशाला मिटते?" मी म्हणायचे, निरांजनाचा उजेड डोळ्यांवर येतो. आई म्हणायच्या, "मग उजेडात येऊन बसतेच कशाला?" अशा ठिकाणी मी भाजी चिरायला घ्यायचे.

आणि भाद्रपदात तर तुझा नुसता सोहळा. घरात मूर्ती आली की तू चौरंगाशी ठाण मांडायचीस. समोर मातीचा उंदीर, हातात लाडू घेतलेला, चांगला गुबगुबीत. आल्यागेल्याची नजर आधी उंदरावर, मग तुझ्यावर. लोक देवाला नमस्कार करून निघायचे नाहीत. थांबायचे, काय होतंय ते बघायला. काहीही व्हायचं नाही. तू मान ताठ ठेवून, उंदराच्या डोक्यावरून, थेट मूर्तीकडे बघायचीस. एवढा अभिनय मी शाळेच्या स्नेहसंमेलनात इतकी वर्षं नाटकं बसवूनही कुणाकडून करून घेऊ शकले नाही. आमच्याकडचा शूर मावळा विंगेतल्या आईला हात करतो.

"मातीला उंदराचा वास येत नाही," मी म्हणायचे.

"तुला कशाचाच येत नाही," आई म्हणायच्या.

पण खरा वाद चंद्राचा.

दर संकष्टीला आईंचा दिवसभर उपास. चंद्र उगवला, की त्याला अर्घ्य, देवाला नैवेद्य, मग घास. वर्षानुवर्षं त्या स्वतः गॅलरीत उभं राहून चंद्र बघायच्या. मग दोन गोष्टी एकदमच झाल्या. समोर एक उंच इमारत उभी राहिली आणि तिनं आमच्या गॅलरीतलं आकाश विकत घेतलं; आणि आईंच्या डोळ्यांत, नजरेच्या बरोब्बर मधोमध, धुरकट डाग आला. कडेकडेचं दिसतं, ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. मी सुचवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, ती बघून जेवत जा. आईंनी माझ्याकडे कडेकडेनं पाहिलं.

"छापलंय ते छापखान्याला दिसलं. आपल्या घरातल्या कुणाला तरी दिसायला नको?"

आणि तू ते काम घेतलंस. कुणी दिलं नव्हतं. दिवेलागण झाली की तू जिना चढून गच्चीवर जायचीस. खाली आई देवघरापुढे बुटक्या स्टुलावर बसून स्तोत्राची आवर्तनं सुरू करायच्या. मी मोदक उकडायला ठेवायचे. मिलिंद पेपर पुन्हा वाचायचा. आणि केव्हातरी दाराच्या फटीतून तू आत यायचीस, घाई नाही, गडबड नाही, राजदूताच्या थाटात, आणि आईंच्या गुडघ्याला डोकं घासायचीस.

"आला वाटतं," आई म्हणायच्या आणि ताम्हन पुढे ओढायच्या.

मोदकाचं टोक मोडून, त्यावर तूप घालून, स्टीलच्या झाकणीत पहिला वाटा तुझा. इथेच मी तुला पकडलं होतं. मी आईंना म्हटलं, "अहो, ती चंद्र बघत नाही. तिला मोदकाचा वास येतो. वाफ वर जाते, ही खाली येते."

"रोजच्या भाताची वाफ नाही का वर जात?"

"भातावर तूप नसतं."

"तिला विचार."

मी तुला विचारलं. तू पाय वर करून पोट चाटायला लागलीस. हे उत्तर आईंनी त्यांच्या बाजूनं धरलं आणि मी माझ्या.

एकदा तर मी जिंकलेच होते. आईंना ताप होता, तरी उपास सोडायला तयार नाहीत. आवाज बसलेला, दोन ओळी म्हणायच्या आणि दम घ्यायचा. त्या संध्याकाळी तू कॅलेंडरच्या वेळेच्या कितीतरी आधी खाली उतरलीस आणि गुडघ्याला डोकं लावून मोकळी झालीस. मी टाळ्या पिटल्या. म्हटलं, सापडली. चंद्राचा अजून पत्ता नाही आणि बाईसाहेबांना भूक लागली. आई शांतपणे म्हणाल्या, "लवकर आला असेल आज. ढगाआडून." आणि जेवल्या. त्या दिवशी मोदक केलेलेच नव्हते, नुसता मऊ भात होता; पण वादात असे किरकोळ मुद्दे मी सोडून देते.

मग तू म्हातारी झालीस. तुझं म्हातारपणही बघण्यासारखं होतं. लोकांची मांजरं कोपरा धरतात. तू जिना धरलास. गच्चीपर्यंत एका दमात जाणं होईना, तेव्हा मधल्या वळणावर बसून विश्रांती घ्यायला लागलीस. आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशी बघायचीस, की जणू तो वाटेत आला म्हणून तू थांबली आहेस. सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त गृहस्थ, कडक इस्त्रीचे, त्यांच्याशी तुझं जुनं वैर. त्यांच्या स्कूटरच्या सीटवर तू झोपायचीस आणि ते आम्हाला पत्र द्यायचे. शेवटच्या वर्षात तू तिथे चढू शकेनाशी झालीस. तर एक दिवस ते वर आले आणि दारातूनच म्हणाले, "मांजर दिसत नाही सीटवर. आजारी वगैरे आहे का? नाही, मी आपला चौकशीला आलो. तक्रार नाही."

डॉक्टरीणबाईंनी मूत्रपिंडाचं सांगितलं. सलाईन दिलं, दोन दिवस बरी वाटलीस, पुन्हा मान टाकलीस. त्या फार नीटपणे, हळू आवाजात म्हणाल्या, की आता तिला त्रास न होता जाऊ देता येईल, तुम्ही ठरवा. मिलिंद माझ्याकडे बघायला लागला, मी भिंतीवरच्या कुत्र्याच्या चित्राकडे. आई तुला पदरात घेऊन बसलेल्या.

"तिनं आजवर कुणाचं ऐकलंय का?" त्या म्हणाल्या. "ती तिची जाईल. आपण बसू."

आणि आपण बसलो. त्या रात्री तू आईंच्या पलंगावर होतीस. सकाळी मी चहा घेऊन गेले तर आई कपाट उघडून काहीतरी शोधत होत्या. हातानं चाचपत, कारण समोरचं दिसत नाही. मग साड्यांच्या मागून त्यांनी तो गडू काढला.

तो गडू तुलाही माहीत होता, त्याच्याच शेजारी घुसून तू भर उन्हाळ्यात झोपायचीस. तांब्याचा, मुठीएवढा, तोंड डाग देऊन बंद केलेलं. सासरे असताना दोघं काशीला गेले होते तेव्हा आणलेली गंगा. सासऱ्यांच्या वेळी त्यांचा फोडला. हा आईंचा. दर दिवाळीला त्या तो चिंचेनं लख्ख घासायच्या आणि मला दाखवून ठेवायच्या: "इथे आहे बरं का. ऐन वेळी शोधाशोध नको." स्वतःच्या मरणाची एवढी टापटीप तयारी मी दुसरीकडे पाहिली नाही.

"मिलिंद, हे उघडून दे."

मिलिंद गडू हातात घेऊन उभाच राहिला. "आई, हा तुझ्यासाठी ठेवलेला आहे."

"माहितीये. मीच ठेवलाय."

"मग?"

"मग मला आत्ता लागत नाहीये. तिला लागतंय."

त्यानं पक्कड आणली. डाग निघताना बारीक आवाज झाला आणि तुझा कान हलला, तो एकदाच. आईंनी बोट बुडवून तुझ्या ओठांना लावलं. मग तुळशीचं पान. एरवी औषधाचा थेंब दिला तर चार घरं ऐकतील असा आक्रोश करणारी तू, ते पाणी चाटलंस. हळूहळू, जिभेच्या टोकानं, दोनदा. आणि डोळे मिटलेस. समोर दूध नव्हतं, निरांजन नव्हतं. माझ्याकडे त्या वेळी एकही मुद्दा नव्हता.

गुरुजींना आईंनी फोन लावायला सांगितला. काही करता येतं का, विचारलं. गुरुजी म्हणाले, "आजी, शास्त्रात मांजरासाठी काही सांगितलेलं नाही."

"सांगितलेलं नाही म्हणजे मनाईही नाही."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "नाही. मनाई नाही."

तुला सोसायटीच्या मागच्या पट्टीत, जास्वंदीखाली ठेवलं. त्याच जास्वंदीची फुलं आई रोज गणपतीला वाहतात. सेक्रेटरींना सांगणं भाग होतं. ते म्हणाले, "याबाबत सोसायटीचा ठराव नाही." मिलिंद म्हणाला, "मग काय करायचं?" ते म्हणाले, "मला काही दिसलेलं नाही. फावडं पंपाच्या खोलीत आहे." आणि काही न दिसलेला तो माणूस खड्डा बुजेपर्यंत इस्त्रीच्या शर्टात आमच्या शेजारी उभा राहिला. निघताना म्हणाला, "आता सीट स्वच्छ राहील." मग चष्मा काढून पुसायला लागला, चष्मा स्वच्छच होता.

त्यानंतर आई फारशा बोलेनात. पूजा करायच्या, जेवायच्या, औषध घ्यायच्या. पण टोमणा नाही. आमच्या घरात टोमणा बंद होणं म्हणजे नळाचं पाणी जाण्यासारखं आहे, दोन तासांत सगळ्यांना जाणवतं. एके दिवशी दुपारी मला म्हणाल्या, "मेधा, ती आता कुठे असेल ग?"

मी म्हटलं, "तुम्हीच म्हणता ना, पुण्य साठलं की माणसाचा जन्म. झाला असेल कुठेतरी."

मला वाटलं, खूश होतील. त्या म्हणाल्या, "कशाला? काय पाप केलं तिनं?"

"अहो, बढती आहे ती."

"मांजराची माणूस केली, याला बढती म्हणतात? बदली आहे. तीही हिंजवडीला. सकाळी निघा, रात्री या, बसमध्ये झोपा." आणि मग, बऱ्याच वेळानं, अगदी हळू, "तिनं परत यायचं नाही. तिनं तिथेच थांबायचं. मी येईपर्यंत."

तू वाचत असशील तर एवढं ऐकून ठेव.

आणि काल संकष्टी होती. तू गेल्यानंतरची पहिली.

सकाळीच मी आईंना सांगितलं, की डॉक्टरांनी उपास बंद सांगितलाय. मागच्या महिन्यात साखर एकदम उतरून त्यांना देवघरापुढेच घेरी आली होती. तू जिन्यात बसून होतीस त्या दिवशी, तुला आठवत असेल. आई म्हणाल्या, "चंद्र उगवेपर्यंतच तर आहे. तेवढ्यानं काय होतंय."

श्रावणातलं आभाळ. दिवसभर भुरभुर, संध्याकाळी गच्च भरून आलेलं. मी मोदक उकडले. आईंनी आवर्तनं सुरू केली. कॅलेंडरातली वेळ आली आणि गेली. मी म्हटलं, "आई, झाला चंद्रोदय. ताम्हन घेऊ?"

"कुणी पाहिला?"

मिलिंद म्हणाला, "आई, असा हट्ट काय? मोबाइलवर बघ, लिहिलंय."

"मोबाइलला सांग जेवायला."

पुन्हा डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून. मला दिसत होतं, त्यांची बोटं गुडघ्यावर थरथरतायत. मिलिंदनं साखरेचं पाणी करून आणलं. त्यांनी ते बाजूला सरकवलं, न रागावता. ते रागावणं नव्हतं, हेच वाईट होतं. त्या वाट बघत होत्या. आणि कुणाची, हे आम्हा दोघांना कळत होतं.

मग मी उठले आणि गच्चीवर गेले.

इतक्या वर्षांत संकष्टीच्या संध्याकाळी मी गच्चीवर गेलेच नव्हते. मी खाली मोदकांपाशी उभी राहून तुझ्याबद्दल बोलायचे. वर ओलं होतं, टाकीतून पाणी ठिबकत होतं. पूर्वेला ती इमारत, आणि तिच्या डोक्यावर, चारी दिशांना, राखेसारखे ढग. चंद्र नव्हता. येण्याचं लक्षणही नव्हतं. मी तुझी जागा शोधली. टाकीच्या कठड्यावर असेल असं मला वाटायचं, तिथून आकाश मोकळं दिसतं. पण तुझे केस होते खाली, आमच्या देवघरामागून पाइप घेऊन वर येणाऱ्या डक्टच्या तोंडाशी, सिमेंटच्या कोपऱ्यात. वर्षानुवर्षं बसून गुळगुळीत झालेला खळगा. तिथे बसलं तर समोर नुसती भिंत येते. चंद्र तिथून कधीच दिसला नसता.

म्हणजे मी जिंकले होते. म्हटलं, बसून तर बघू, मोदकाचा वास किती येतो.

मी बसले. ओल्या सिमेंटवर, बांधणीच्या साडीत, त्या भिंतीकडे तोंड करून. वास नव्हता. डक्टमधून पाइपांचा कुबट वारा येत होता फक्त. आणि त्यातून, खालून, आईंचा आवाज.

इतका स्पष्ट, की त्या शेजारी बसल्यात असं वाटावं. प्रत्येक शब्द, प्रत्येक श्वास. स्वयंपाकघरात उभं राहून मला भांड्यांच्या आवाजात नुसतं पुटपुटणं ऐकू यायचं. इथे ऐकू येत होतं, की ओळीच्या शेवटाला आवाज कुठे टेकतो. एक आवर्तन झालं. दुसऱ्यात दोन ठिकाणी त्या थांबल्या. तिसऱ्यात एका शब्दाचा शेवट गिळला गेला, आणि पुढची ओळ सुरू व्हायला उशीर झाला. नेहमीपेक्षा जरासाच, पण झाला.

आणि मी उठले होते. विचार करून नाही. उठले होते आणि जिन्यात होते, तेव्हा मला तो तापाचा दिवस आठवला. मोदक नसलेला.

बाई, तू आकाशाकडे बघत नव्हतीस. तू खाली कान लावून बसायचीस. आईंचा आवाज थकला, की चंद्र उगवला. ढग असोत, इमारत असो, कॅलेंडरात काहीही छापलेलं असो. गणपतीची तुझ्यावर कितपत कृपा होती मला माहीत नाही, पण माझं म्हणणं मी निम्मं मागे घेते. तू हुशार होतीस. आणि श्रद्धाळूही होतीस. फक्त तुझं दैवत मखरात नव्हतं, शेजारी बुटक्या स्टुलावर होतं.

दाराशी येऊन मी श्वास सावरला. आयुष्यभर मुलांना रंगमंचावर प्रवेश कसा करावा शिकवलं. माझ्याच स्वयंपाकघरात कसा करावा कळेना. घाई नाही, गडबड नाही, मी स्वतःला सांगितलं. आत गेले. आईंच्या शेजारी खाली बसले. आणि काय सुचलं कोण जाणे, त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं.

स्तोत्र थांबलं. मिलिंद पेपर खाली करून बघत राहिला.

"आला," मी म्हटलं.

आईंचा हात माझ्या केसांवर आला. केस ओले होते. "एवढ्या ढगांतून दिसला?"

"दिसला."

"तुझा कुठे विश्वास आहे?"

"चंद्रावर आहे."

हात तसाच राहिला. मग कानामागे, जिथे तुला खाजवायच्या तिथे, त्यांनी दोन बोटं फिरवली. "तिलाही ढगातूनच दिसायचा," त्या म्हणाल्या. "तिनंच शिकवलं वाटतं तुला."

मी मान वर केली नाही. म्हणजे एवढी वर्षं तुम्हा दोघींना ठाऊक होतं. ज्या वादात मी एकटीच वाद घालत होते, तो माझ्या डोक्यावरून, उंदराच्या डोक्यावरून पाहावं तसा, तुम्ही दोघींनी केव्हाच मिटवला होता.

"ताम्हन दे," आई म्हणाल्या. "आणि ती साडी बदल आधी. ओल्या कपड्यानं नैवेद्य वाढतेस की काय. मुलांना काय शिकवतेस शाळेत, देव जाणे."

टोमणा. घरात पाणी आलं.

अर्घ्य झालं, नैवेद्य झाला. आईंनी मोदकाचं टोक मोडलं, त्यावर तूप घातलं आणि चाचपत ती स्टीलची झाकणी शोधून काढली. क्षणभर हातात धरली. मग माझ्यापुढे सरकवली. मी तुझ्या झाकणीतलं खाल्लं. कडा दातांनी ओरखडलेली आहे, ती जिभेला लागते.

आम्ही दुसऱ्या मोदकावर होतो तेव्हा मिलिंद गॅलरीचं दार लावायला गेला आणि तिथूनच ओरडला, "आई, अगं, ढग फाटलेत. त्या इमारतीच्या कडेला बघ, चंद्र आत्ता वर आला."

आईंनी घास खाल्ला, पाणी प्यायलं, पदरानं तोंड टिपलं.

"त्याला उशीर झाला," त्या म्हणाल्या. "आम्ही केव्हाच पाहिला."